एकविशीच्या आत बंदूक घेताना बालन्यायालयाची नोंद आडवी आली तर

अमेरिकेत खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल, तर २०२२ च्या कायद्यानुसार एफबीआयची एनआयसीएस ही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणारी यंत्रणा राज्याचं बालगुन्हे नोंद-भांडार, मानसिक आरोग्याच्या नोंदी आणि स्थानिक पोलीस अशी तिन्हीकडे विचारणा करते. मुदत ३ कामकाजी दिवस. काही खटकलं तर एकूण १०.

घोळ होतो तो इथे: आरोप नोंदलेला असतो, निकाल नसतो. नकार आला तर दुकानदाराकडून एनटीएन (त्या तपासणीचा व्यवहार क्रमांक) घ्या, न्यायालयाच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत मागवा आणि ती जोडूनच दाद मागा. शिक्का आणि खटला क्रमांक ठळक वाचता यायला हवेत. सीलबंद नोंद म्हणजे पुसलेली नोंद नव्हे. राज्याचा नियम आधी तपासाच. बंदूक घेताना भरायचा फॉर्म ४४७३ अंदाजाने भरू नका, जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर संघीय गुन्हा ठरतं.