आयपी कंप्युटरचा नसतो, पोर्टचा असतो

नागपूरच्या गांधीबागेतलं कापडाचं ठोक दुकान आणि वाडीचं गोदाम, दोन्हीकडचे मिळून साठेक कंप्युटर माझ्या गळ्यात आहेत. पाच वर्षं त्यांचा हिशेब एका एक्सेलमध्ये होता आणि त्यात 'आयपी' (नेटवर्कवरचा पत्ता) नावाचा एकच कॉलम. लॅपटॉपला वायफायवर एक आयपी, केबलवर दुसरा. मी दोन्ही एकाच खान्यात कोंबायचो. जीएलपीआय हे उपकरणांची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर बसवल्यावरही पहिल्या दिवशी तेच केलं, शेऱ्याच्या चौकटीत आयपी टाकत गेलो. संध्याकाळी प्रिंटरसाठी मोकळा आयपी शोधायला बसलो तर काही सापडेना. सगळं पुसलं.

जीएलपीआयमधली साखळी अशी: कंप्युटरला पोर्ट (नेटवर्कला जोडायची जागा), पोर्टला नेटवर्क नेम, त्या नेमला आयपी. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर; तो पोर्टवर लिहायचा. वायफायचा पोर्ट वेगळा, इथरनेटचा वेगळा.

पण कंप्युटरपासून सुरुवात करू नका. आधी ड्रॉपडाउन्समध्ये जाऊन आयपी नेटवर्क बनवा. पत्ता मास्कसकट (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) लिहायचा, १९२.१६८.१०.०/२५५.२५५.२५५.० असा, आणि खाली गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता. त्यात उपकरणांना देण्याजोगे २५४ पत्ते मिळतात. आमची खरी अडचण वेगळी होती. दुकानात आणि गोदामात दोन्हीकडे राउटर डब्यातून काढला तसाच लावलेला, त्यामुळे दोन्हीकडे १९२.१६८.१.०. वाडीचा १९२.१६८.१.२० आणि गांधीबागेचाही १९२.१६८.१.२० यादीत शेजारी शेजारी, कोणता कुठला ते ओळखायचं कसं? दोन जागांच्या दोन एंटिटी (जीएलपीआयमधले वेगळे विभाग) करा आणि नेटवर्क त्या-त्या एंटिटीतच टाका, वरच्या मूळ एंटिटीत नको. पुढे दोन जागा व्हीपीएनने (इंटरनेटवरून खासगी जोडणी) जोडायचा विचार असेल तर मात्र एका जागेची रेंज आत्ताच बदला. मी गोदामाची बदलली, एक रविवार गेला.

मग स्विच, सगळ्या केबली जिथे येतात तो डबा. चोवीस पोर्ट एकेक करून टाकत बसू नका, एकदम अनेक पोर्ट जोडायची सोय आहे. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क) असतील तर ते पोर्टाला लावायचे. आमच्याकडे एकच, कॅमेऱ्यांसाठी.

भिंतीवरच्या सॉकेटची नोंद बरेच जण सोडून देतात. नागपुरात सोडू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की खिडकीला कुलर लागतो, टेबलं सरकतात आणि ज्याला जो सॉकेट जवळ तो त्यात केबल खुपसतो. बिलिंगचा कंप्युटर असाच एकदा कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये जाऊन पडला. मुनीमजी ओरडून राहिले, "बिल निघून नाही राहिलं", आणि मी दीड तास सर्व्हर तपासून राहिलो. आता प्रत्येक सॉकेटवर मार्करने नंबर आहे आणि तोच नंबर सॉफ्टवेअरमध्ये स्विचच्या पोर्टाशी जोडलेला आहे.

आयपी हाताने भरायचे ते फक्त कायमचे: सर्व्हर, प्रिंटर, स्विच, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा). डीएचसीपीवरचे (राउटर आपोआप वाटतो ते) आयपी एजंटला, म्हणजे प्रत्येक मशीनवरून माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, आणू द्या. तुम्ही लिहिलेले उद्या खोटे ठरतील. एखाद्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याचं नेटवर्क बनवायला धावू नका. डीएचसीपीकडून उत्तर न मिळाल्याने मशीनने स्वतःच घेतलेला पत्ता आहे तो. केबल बघा.

आता डोंगल. गोदामात कापडाच्या गाठींमागे वायफाय पोचत नाही आणि नव्या पातळ लॅपटॉपना लॅनचं भोकच नाही. म्हणून यूएसबीला लावून लॅनची केबल जोडायचं एक डोंगल तीन लॅपटॉपमध्ये फिरायचं. एक दिवस तिथल्या पोराचा फोन आला, "दादा, तुमच्या यादीत आपले तीन लॅपटॉप काहून एकच दिसून राहिले?" बघतो तर खरंच. एकच नोंद, आणि सकाळ-दुपार तिचं नाव, सिरियल नंबर बदलत होतं. झालं असं, की नव्या लॅपटॉपचा सिरियल यादीत नसला की जुळवणीचे नियम पुढे मॅकवर येतात, आणि मॅक तर डोंगलचा, तिघांचा सारखाच. उपाय सोपा निघाला: डोंगलचा मॅक ब्लॅकलिस्टमध्ये (जुळवणीत धरू नये अशा यादीत) टाकला आणि ती भेसळ झालेली नोंद काढून तिन्हीकडून एजंट पुन्हा चालवला. डोंगलची नोंद वेगळं उपकरण म्हणून केली, त्याचा पोर्ट त्याच्यापाशी.

आणखी एक मॅकचं. दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक कारखान्यातून आलेला नसतो. फोनचा बदलता मॅक बहुतेक असाच असतो. लोकांचे फोन मी यादीत घेतच नाही.

सगळं भरून झालं की एक परीक्षा घ्या. स्विचचा कुठलाही पोर्ट उघडा, समोर जो कंप्युटर लिहिलाय त्याची केबल जाऊन काढा, आणि बघा त्याच पोर्टाचा दिवा विझतो का. माझ्या पहिल्या फेरीत दहापैकी सहाच विझले.