घरातल्या फोटोंसाठी फ्लॅश घेताय? आधी छत बघा

भाचीच्या बारशाला मी नवा फ्लॅश घेऊन गेलो होतो. खिशात मावेल एवढा, स्वस्त, डोकं जागच्या जागी पक्कं. आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करायला वाकली तो क्षण बरोब्बर सापडला. फोटोत मात्र आत्याचं कपाळ तेल लावल्यासारखं चकाकत होतं, बाळ पांढरंफटक, आणि मागच्या भिंतीवर पाळण्याच्या दोऱ्यांची काळीकुट्ट सावली. ताई एवढंच म्हणाली, “आधार कार्डावर चालतील.”

फ्लॅशमध्ये ताकद होती. त्याला मान वळवता येत नव्हती, एवढंच. तेव्हापासून कुणी ‘कुठला फ्लॅश घेऊ’ म्हणून विचारलं, की मी आधी त्याच्या घराचं छत कसं आहे ते विचारतो.

१. खोलीत उभं राहून वर बघा

फ्लॅशचं तोंड काडेपेटीपेक्षा थोडंसंच मोठं. एवढ्याशा जागेतून उजेड थेट चेहऱ्यावर आला की सावल्या कडक पडणारच. तोच उजेड पांढऱ्या छतावर मारला तर छताचा मोठा तुकडा दिव्याचं काम करतो आणि चेहऱ्यावर मऊ उजेड उतरतो. याला ‘बाउन्स’ म्हणतात, आणि घरातल्या फोटोग्राफीचं निम्मं गमक यातच आहे.

फ्लॅटमधलं नऊ-दहा फुटांवरचं पांढरं छत यासाठी उत्तम. जुन्या वाड्यातल्या काळपट तुळया उजेड गिळून टाकतात. भिंतींचा रंगही बघून ठेवा. आमच्या शेजाऱ्यांचा हॉल पिस्ता रंगाचा आहे. तिथे भिंतीवर बाउन्स केला की सगळं कुटुंब कावीळ नुकतीच बरी झाल्यासारखं दिसतं.

२. मान दोन्हीकडे वळायला हवी

डोकं वर ९० अंश उठलं पाहिजे आणि बाजूलाही फिरलं पाहिजे, जमल्यास दोन्हीकडे १८० अंश. नुसतं वर उठणारं डोकं पुरत नाही, कारण कॅमेरा उभा धरलात की ‘वर’ म्हणजे बाजूची भिंत होते. दुकानात कॅमेरा उभा धरून बघा. डोकं छताकडे वळलं नाही तर तो फ्लॅश तिथेच ठेवून या, कितीही स्वस्त असला तरी.

३. ताकदीचा हिशेब स्वतः करा

खोक्यावर ‘गाइड नंबर ६०’ असं ठळक छापलेलं असतं. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा: आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, ते) १०० असताना मीटरमधलं अंतर गुणिले अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा ‘एफ’ आकडा. पण खालची बारीक अक्षरं वाचा. हा ६० बहुतेकदा डोकं २०० मिमी झूमवर असताना, उजेडाची बारीक पिचकारी करून मोजलेला असतो. तोच फ्लॅश ३५ मिमीवर ३६ च्या आसपास येतो, आणि बाउन्ससाठी आपल्याला हा दुसरा आकडा लागतो. दोन फ्लॅशची तुलना करताना झूम एकच धरलाय ना, एवढं तपासा.

आता आमच्या हॉलचं गणित. छत ३ मीटरवर, कॅमेरा दीड मीटर उंचीवर, माणूस ३ मीटर लांब. छताला धडकून चेहऱ्यापर्यंत यायला उजेडाला साधारण ४.२ मीटर जावं लागतं. एफ ४ धरला तर ४.२ गुणिले ४, म्हणजे १७. छत थोडा उजेड खातं, उरलेला चहूकडे उधळतं. त्यात दोन ते तीन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) असं धरलं, तर गाइड नंबरची गरज दुप्पट ते जवळपास तिप्पट होते, म्हणजे ३४ ते ४८ (उजेड चौपट झाला की गाइड नंबर दुप्पट होतो). आयएसओ १०० वरून ४०० केला की ती निम्म्यावर येते: १७ ते २४.

म्हणजे मोठा फ्लॅश इथे पाव ते निम्म्या ताकदीवर आरामात काम करेल आणि पुढच्या फोटोला लगेच तयार असेल. छोटा फ्लॅश मात्र प्रत्येक फोटोला धापा टाकेल. कॅमेरा छोटा असला तरी घरातल्या कामाला फ्लॅश मोठा घ्या, असं मी म्हणतो ते यामुळे. वजनाची थोडी कुरकुर होते, हे मान्य.

४. कॅमेऱ्याचा शू नीट बघा

शू म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच. कॅननचा टीटीएल (किती उजेड टाकायचा ते कॅमेऱ्याकडून आपोआप ठरणारा) फ्लॅश निकॉनवर टीटीएल चालत नाही, सोनीवरही नाही. एकाच मॉडेलचे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी वेगळे प्रकार निघतात, त्यामुळे खोक्यावरचं शेवटचं अक्षर वाचूनच पैसे द्या.

आणखी एक खोच आहे. कॅननच्या २००डी मार्क टू आणि ३०००डी या कॅमेऱ्यांच्या शूमध्ये मधला मोठा गोल पॉइंटच नाही. स्वस्त मॅन्युअल फ्लॅश नेमका त्याच पॉइंटवरून पेटतो. शूवर तो बसेल घट्ट, पेटणार मात्र नाही. तुमचा कॅमेरा कुठलाही असो, आत्ताच शूचं झाकण काढून बोट फिरवून बघा.

५. टीटीएल की मॅन्युअल?

टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक हलकी चमक सोडून किती उजेड लागेल ते ठरवतो. मॅन्युअलमध्ये ते तुम्ही ठरवायचं. मॅन्युअल फ्लॅश साधारण निम्म्या किमतीत येतो, आणि टेबलावर ठेवलेल्या वस्तूंचे, पदार्थांचे फोटो काढायचे असतील तर तोच घ्या. पण समारंभात माणसं एका जागी थांबत नाहीत. मुंजीत बटू मांडवभर पळणार, अंतर दर क्षणी बदलणार. तिथे टीटीएलच हवा.

टीटीएल फसतो तो पांढऱ्याला. धोतर-सदऱ्यातले आजोबा फ्रेमभर आले की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि फोटो काळवंडतो. त्या वेळी फ्लॅश एक्स्पोजर अधिक पाऊण-एक स्टॉप करायचा. हे बटण चटकन सापडतं का, तेही दुकानातच बघून घ्या.

६. सेल

पेन्सिल सेलवर चालणारे फ्लॅश बहुतेक चार सेल घेतात. रिमोटमधले साधे सेल टाकू नका, आरती संपायच्या आत ते मान टाकतील. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलचे दोन संच ठेवा. हल्ली लिथियम बॅटरीचे फ्लॅश मिळतात. ते पूर्ण ताकदीवरही दीडेक सेकंदात पुन्हा तयार होतात आणि एका चार्जमध्ये कार्यक्रम निभावून नेतात. वर्षातून दोनदाच फ्लॅश काढणार असाल तर पेन्सिल सेलवालाच बरा. फक्त ठेवताना सेल काढून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत पाझरतात.

७. दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा

मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेरा सामानाच्या दुकानांमध्ये हे करता येतं. शटर १/१२५, एफ ४, आयएसओ ४००. डोकं वर करून किंचित मागे झुकवा आणि दुकानदाराचाच फोटो काढा. मग शटरचा वेग वाढवत न्या. १/२०० किंवा १/२५० च्या पुढे फोटोत काळा पट्टा येऊ लागतो. तो फ्लॅशचा दोष नाही, कॅमेऱ्याची सिंक मर्यादा आहे: याहून जलद शटर फ्लॅश पेटताना पूर्ण उघडं नसतं. ही मर्यादा ओलांडू देणाऱ्या हाय-स्पीड सिंकसाठी विक्रेता जादा पैसे मागेल. घराच्या आत त्याची गरज जवळजवळ पडत नाही.

काकांच्या कपाटात फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश सापडला तर तो तसाच डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातले काही शूच्या पॉइंटवर २०० व्होल्टच्या वर दाब देतात. फ्लॅश चालू करून, मधला पॉइंट आणि बाजूची धातूची पट्टी यांच्यामधला दाब मल्टिमीटरने मोजून घ्या, आणि तुमच्या कॅमेऱ्याला किती चालतो ते त्याच्या माहितीपुस्तकात बघा.

प्लॅस्टिकची टोपी, जाळ्या, छत्र्या यांवर पहिल्या दिवशी खर्च नको. घरातले पिवळे बल्ब आणि फ्लॅशचा निळसर पांढरा उजेड यांचं जमावं म्हणून फ्लॅशच्या तोंडावर लावायला नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचा) एक तुकडा तेवढा घ्या. आणि मंगल कार्यालयात छत फार उंच किंवा रंगीत कापडाने झाकलेलं निघालं, तर लग्नपत्रिकेचं कोरं पांढरं पान फ्लॅशच्या डोक्यामागे दोन बोटं वर राहील असं रबरबँडने बांधा. मी भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असेच काढले. त्यातला एक ताईने फ्रेम करून लावलाय.