क्यूए आणि क्यूसी एकच समजताय? या चुका टाळा

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत जा नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, गेटवर बोर्ड दिसतो 'क्यूए/क्यूसी इनचार्ज पाहिजे'. आत गेलं की तोच माणूस सकाळी मायक्रोमीटरने जॉब (मशीनवर बनलेला पार्ट) मोजतो, दुपारी डिस्पॅचवर सही मारतो आणि ऑडिट आलं की रात्री बसून फायली रंगवतो. छोट्या युनिटला दोन माणसं परवडत नाहीत, मान्य, पण कामं दोन आहेत हे तरी माहीत पाहिजे ना. बनलेल्या मालात खोट आहे का बघणं हे क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल. खोट येऊच नये म्हणून ड्रॉइंग, सेटिंग, ट्रेनिंग, कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर दाखवतात का ते तपासणं) आधीच नीट लावून ठेवायचं आणि ते खरंच तसं चालतंय का बघत राहायचं, हे क्यूए, म्हणजे क्वालिटी अॅश्युरन्स.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे रिजेक्शन आलं की इन्स्पेक्टर वाढवायचे. एका युनिटमधली गोष्ट सांगतो, नाव नको. बुशचा, म्हणजे नळीसारख्या पार्टचा, लॉट कस्टमरकडून परत आला, बोअर (आतलं भोक) मोठा. शेठनी लगेच फायनलला दोन पोरं वाढवली, शंभर टक्के चेकिंग सुरू. पुढचा लॉटही परत. मी गेलो तर क्यूसीची पोरं रडकुंडीला आलेली, "सर, एकूण एक पीस प्लग गेजने बघितलाय, गो जातंय, नो-गो जात नाहीये." आणि ते खरंच होतं! प्लग गेजचं गो टोक भोकात गेलं आणि नो-गो टोक गेलं नाही की माप बरोबर. मशीनवर बघतो तर कूलंटने पिवळं पडलेलं ड्रॉइंग चिकटवलेलं, रिव्हिजन बी. कस्टमरने रिव्हिजन सी कधीच पाठवलेलं, बोअरचं टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कमी केलेलं, आणि तो मेल सेल्सवाल्यांकडे पडून. ऑपरेटर जुन्या मापाने बनवतोय, गेजही जुन्याच मापाचं, म्हणजे क्यूसी अगदी प्रामाणिकपणे चुकीचा माल पास करत होतं. तिथे आणखी दहा जण बसवले असते तरी काय फरक पडला असता?

माझी सवय सांगतो. नवीन रिव्हिजन आलं की मी स्वतः मशीनवर जाऊन जुना कागद काढून आणतो, एक कॉपी 'रद्द' शिक्का मारून फाईलला, बाकीच्या फाडून टाकतो, आणि त्याच फेरीत गेजही बघतो. सिस्टीमवर टाका, ग्रुपवर टाका, काय हवं ते करा, पण ऑपरेटर बघतो तो समोर चिकटवलेला कागदच.

दुसरी चूक, ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेली चेकशीट. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, आणि माप काय तर २५.०१, २५.०१, २५.०१. अरे, बोअरिंगचा इन्सर्ट (भोक कापणारं टोक) झिजत गेला की बोअर हळूहळू लहान होत जातो, ते आकड्यांत दिसायला नको? अमेरिकेच्या वॉल्टर शूहार्टने १९२४ साली कंट्रोल चार्ट, म्हणजे मापांचा आलेख, काढला तो यासाठीच, माल बाद होण्याआधी माप सरकतंय हे कळावं म्हणून. माप घेऊन लिहायचं क्यूसीने, आणि त्यावरून इन्सर्ट किती जॉबनंतर बदलायचा हा नियम क्यूएने बसवायचा. खोट्या आकड्यांवरून काय बसवणार, कपाळ? ज्यांना पाच मिनिटं थांबून माप लिहायचा कंटाळा येतो त्यांनी या लाईनीत येऊच नये.

बाकीच्या पटापट. मशीनवरून काढलेला गरम जॉब लगेच मोजू नका, ड्रॉइंगवरची मापं २० डिग्रीला धरलेली असतात आणि १०० मिमीचं स्टील त्यापेक्षा १५ डिग्री गरम असेल तर साधारण १७ मायक्रॉन (०.०१७ मिमी) मोठं भरतं. रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरची चूक', उपाय म्हणून 'समज दिली', हे आता बंद करा. क्यूसीला प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली ठेवू नका, महिनाअखेरीला टार्गेटच्या नादात काय काय पास होतं ते मी बघितलंय. आणि ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांनो, तुम्हीही हसू नका, दिवसभर टेस्ट केसेस चालवताय तर ते क्यूसीच, रिक्वायरमेंट ठरताना तुम्हाला मीटिंगला बोलावतात का ते आधी सांगा, मग प्रोफाईलवर क्यूए लिहा.