टोकियोत युरोपियन कंपन्यांची बाजू मांडताय? मग या चुका टाळा

गेल्या आठवड्यात कमिटीच्या मीटिंगला एक नवा सदस्य आला, युरोपातून बदली होऊन टोकियोत जेमतेम दोन महिने झालेले, आणि दहाव्या मिनिटाला म्हणाला की हे सगळं इतकं हळू का चाललंय, आपण सरळ मंत्र्यांनाच पत्र लिहूया की. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. दरवर्षी नव्या माणसाच्या तोंडून, आणि त्यातून जो घोळ होतो तो निस्तरायला मात्र जुनीच माणसं बसतात. म्हणून आज लिहायलाच घेतलं.

आधी थोडं सांगते, कारण पुण्यात जपानी शिकून इकडे युरोपियन कंपन्यांत लागलेली बरीच मुलंमुली मला विचारतात की या संघटना करतात तरी काय. जपानमध्ये युरोपियन बिझनेस कौन्सिल आहे, ईबीसी, 1972 पासूनची. जर्मन, फ्रेंच वगैरे प्रत्येक देशाचं चेंबर वेगळं, फ्रेंच लोकांचं तर 1918 पासून आहे, आणि व्यापार धोरणाच्या बाबतीत या सगळ्यांनी एका आवाजात बोलायचं म्हणून ईबीसी. गाड्या, औषधं, वैद्यकीय उपकरणं, खाद्यपदार्थ, दारू, रेल्वे अशा एकेका क्षेत्राची कमिटी असते, तिच्यात एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांची माणसं बसतात, नियमांमधली अडचण कागदावर आणतात, त्याचं दरवर्षी व्हाइट पेपर निघतं आणि मग कासुमिगासेकीत, म्हणजे सगळी मंत्रालयं जिथे आहेत त्या भागात, फेऱ्या सुरू होतात. मी स्वतः अशाच एका उद्योग संघटनेच्या कमिटीत कंपनीच्या वतीने बरीच वर्षं बसते. पुढचं सगळं त्या खुर्चीवरून पाहिलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक: खालचं टेबल सोडून वर जाणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमची सव्वा वर्षाची मेहनत यात गेली.

आमचा मुद्दा साधा होता. युरोपात एकदा झालेली एक चाचणी जपानमध्ये पुन्हा करावी लागत होती. मंत्रालयातल्या एका विभागातले उपप्रमुख, वय असेल चाळिशीच्या आतलं, हा विषय बघत होते. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत ते फक्त ऐकत होते, दुसऱ्या बैठकीत त्यांनी पेन काढलं, आणि तिसऱ्यात म्हणाले की मला एक तक्ता करून द्या, कुठली चाचणी दोनदा होते, त्यात किती दिवस जातात आणि दोन्ही पद्धतींत नेमका फरक काय. जपानमध्ये अधिकारी जेव्हा स्वतः तक्ता मागतो ना, तेव्हा समजायचं की त्याला तो आत कुणाला तरी दाखवायचाय. आम्ही खूश होतो.

आणि त्याच सुमारास एका सदस्य कंपनीचे नवे प्रमुख एका दूतावासाच्या रिसेप्शनला गेले, तिथे त्याच मंत्रालयातले फार वरचे एक अधिकारी भेटले, आणि यांनी हातात ग्लास असतानाच कोटाच्या खिशातून दोन पानी इंग्रजी पत्र काढून त्यांना दिलं. ते अधिकारी वाकले, हसले आणि म्हणाले, "माएमुकी नि केन्तो शिमास", म्हणजे सकारात्मक विचार करू. यांनी रात्रीच सगळ्या कमिटीला मेल टाकला की काम झालं.

काम झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पत्र वरून खाली आलं, आमच्या उपप्रमुखांच्या टेबलावर, आणि त्यांना विचारलं गेलं की हे काय आहे आणि आम्हाला आधी का सांगितलं नाही. त्या माणसाने अजून काही वर सांगितलंच नव्हतं कारण तो आमच्या तक्त्याची वाट बघत होता! पुढच्या आठवड्यात मी फोन केला तर आवाज तोच, नम्रता तीच, पण भेटीची तारीख काही मिळेना. जुलैमध्ये त्यांची बदली झाली. नवे अधिकारी आले, त्यांनी व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि म्हणाले की हा विषय मला पहिल्यापासून समजावून सांगा.

जपानीत नेमावाशी म्हणून शब्द आहे, मॅनेजमेंटच्या वर्गात सगळ्यांना शिकवतात आणि सगळे विसरतात. तो मूळचा माळीकामातला शब्द आहे. मोठं झाड हलवायचं असेल तर आधी मुळांभोवती खणायचं, काही मुळं छाटायची, नवी फुटू द्यायची, आणि मग झाड उचलायचं. ज्याला ही वाट बघणं जमत नाही त्याने झाड उचलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर माझा उपाय म्हणजे काही शास्त्र नाही, सवय आहे. माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक अधिकाऱ्याचं एक पान, या खुर्चीत कधी आला, काय विचारलं, आम्ही काय कबूल केलं. बहुतेकांची दोनेक वर्षांनी बदली होते आणि ती बऱ्याचदा जपानी उन्हाळ्यात, म्हणजे जुलैच्या आसपास होते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येच मी बघते की यंदा कोण जाणार, आणि तो असतानाच त्याला विचारते की पुढच्या माणसासाठी आम्ही एक पान लिहून देऊ का. नाही कुणी म्हणत नाही. आणि वरच्या कुणाशी भेट ठरली की आधी खाली फोन जातो, अमुक दिवशी तमुकांशी भेट आहे, हा विषय काढावा की नको? ते म्हणाले नको, तर नको.

"केन्तो शिमास" ऐकून रिपोर्ट पाठवणं

वरच्या गोष्टीत आलंच, पण ही चूक इतकी होते की वेगळी लिहिते. विचार करू म्हणजे बहुतेक वेळा नाही. "मुझुकाशी", अवघड आहे, म्हणजे तर नाहीच. युरोपातल्या मुख्यालयाला मात्र ऑनलाइन कॉलवर दुभाष्याने सांगितलेलं "दे विल कन्सिडर" एवढंच ऐकू जातं आणि मग पुढच्या तिमाहीत विचारणा होते की निकाल कुठाय. मी रिपोर्टमध्ये अधिकारी काय म्हणाले हे लिहितच नाही, त्यांनी काय विचारलं ते लिहिते. प्रश्न शून्य असतील तर बैठक वाया गेली, मग चहा कितीही चांगला मिळालेला असो. बारीक प्रश्न आले, कुणी कागदावर काही लिहून घेतलं, तर गाडी हललीय.

मागणी ढोबळ ठेवणं

"जपानने आंतरराष्ट्रीय मानकं स्वीकारावीत." हे वाक्य मी इतक्या मसुद्यांत खोडलंय की आता हात आपोआप जातो. कुठलं मानक, कुठल्या नियमातलं कितवं कलम, त्याजागी काय हवं? हे नसेल तर समोरच्या माणसाला इच्छा असली तरी काही करता येत नाही.

घरातलं कुठलंही युरोपियन शर्ट-स्वेटर काढा आणि आतली धुण्याची पट्टी बघा. जपानची चिन्हं पूर्वी वेगळी होती, इस्त्रीच्या चित्रात "मध्यम" वगैरेसाठी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं लिहिलेली, हाताने धुवायच्या चिन्हात तर जपानीत चक्क तसं लिहिलेलं. एकूण 22 चिन्हं. त्यामुळे युरोपात लावलेली पट्टी इथे चालायची नाही, मालावर वेगळी पट्टी लावावी लागायची. 1 डिसेंबर 2016 पासून जपानने आयएसओला, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांना जुळणारी 41 चिन्हं घेतली. युरोपियन युनियन आणि जपानच्या व्यापार वाटाघाटींत टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क सोडून ज्या अडचणींची यादी होती त्यात हा मुद्दा होता. बघा किती छोटी गोष्ट आहे, पट्टीवरचं चित्र! पण कुठल्या मानकाच्या जागी कुठलं मानक हे बोट ठेवून सांगता येत होतं, आणि जपानी ग्राहकाला परदेशातून आणलेला कपडा कसा धुवायचा हे कळणार होतं, म्हणजे "हो" म्हणणाऱ्या अधिकाऱ्याकडे स्वतःच्या लोकांना सांगायला कारण होतं.

बिअरचंही तसंच. बेल्जियन बिअरमध्ये धणे, संत्र्याची साल असते म्हणून जपानी कायद्यात ती बिअर नव्हतीच, लेबलवर "हाप्पोश्यू" लिहावं लागायचं. माल्ट भरपूर असल्यामुळे टॅक्स बिअरएवढाच, पण नाव मात्र स्वस्तातल्या पेयाचं. एप्रिल 2018 मध्ये व्याख्या बदलली, माल्टची अट 67 टक्क्यांवरून 50 वर आली आणि फळं-मसाले ठराविक प्रमाणात चालायला लागले. हा बदल जपानी कंपन्यांच्याही सोयीचा होता. तुमच्या मागणीत एखाद्या जपानी माणसाचा फायदा आहे का, हे शोधल्याशिवाय मी मसुदा पुढे सरकवतच नाही.

उलट केई गाड्यांचं बघा, 660 सीसीच्या छोट्या पिवळ्या नंबरप्लेटच्या. त्यांना मिळणाऱ्या करसवलतीबद्दल युरोपियन वाहन उद्योग वर्षानुवर्षं बोलतोय, आणि केई अजूनही तिथेच आहे, कारण खेडेगावातली म्हातारी माणसं त्याच गाडीने दवाखान्यात जातात आणि त्या माणसांना मत असतं. मागणी अन्यायाची आहे असं नाही, पण नव्या माणसाने पहिल्या वर्षी या भिंतीवर डोकं आपटू नये.

जुनी भांडणं उकरून काढणं

1980 च्या दशकात जपानचा बर्फ वेगळा आहे म्हणून युरोपियन स्की चालणार नाहीत असं सांगितलं गेलं होतं, ही गोष्ट प्रत्येक नवा माणूस कुठेतरी वाचून येतो आणि बैठकीत सांगतो. समोर बसलेला अधिकारी तेव्हा शाळेतही नसेल. नका सांगू.

तसंच "आम्ही डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत जाऊ" ही धमकी. संघटना डब्ल्यूटीओत जाऊ शकत नाही, तिथे सरकारंच जातात. व्हिस्कीवर जास्त आणि शोचू या जपानी दारूवर कमी कर या वादात 1987 साली गॅटच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या आधीच्या व्यवस्थेच्या पॅनेलचा निकाल लागला, तरी प्रश्न मिटला नाही आणि 1996 मध्ये डब्ल्यूटीओतून पुन्हा निकाल घ्यावा लागला. ते काम ब्रसेल्सचं, म्हणजे युरोपियन युनियनचं. आपलं काम त्यांच्या हातात नेमकी माहिती देणं, आणि ते कमी महत्त्वाचं अजिबात नाही.

करार झाला म्हणून कमिटी सोडणं

ही चूक मला मनापासून टोचते. ईयू-जपान आर्थिक भागीदारी करार 1 फेब्रुवारी 2019 ला लागू झाला, वाइनवरची ड्युटी त्याच दिवशी गेली, आणि काही कंपन्यांनी लगेच ठरवलं की आता फी कशाला भरायची. अहो, कडक चीजवरची 29.8 टक्के ड्युटी 15 वर्षांत उतरतेय, बीफची 38.5 वरून 9 वर यायलाही तेवढीच वर्षं आहेत, आणि कागदावरचं कलम कस्टमच्या खिडकीवर कसं वाचलं जातं ते तर रोजचं काम आहे. करार व्हायच्या आधी सगळे फोटोत असतात, त्यानंतर जो सहा-सहा महिन्यांनी "याची अंमलबजावणी कुठवर आली" विचारायला जातो तोच खरा सदस्य.

बाकीच्या, एका ओळीत

पब्लिक कमेंटची, म्हणजे नियमाच्या मसुद्यावर लोकांची मतं मागवण्याची मुदत साधारण 30 दिवसांची असते, मुख्यालयाची मंजुरी यायला पाच आठवडे लागत असतील तर मंजुरीची पद्धत बदला.

बजेटशी संबंधित काही हवं असेल तर मंत्रालयांच्या मागण्या ऑगस्टअखेर जातात, त्यामुळे सप्टेंबरात गेलात तर वर्ष गेलं.

दार बरोबर आहे का ते बघा. खाद्यपदार्थांची मानकं एप्रिल 2024 पासून आरोग्य मंत्रालयाकडून ग्राहक व्यवहार एजन्सीकडे गेलीत, तरी अजून जुन्या पत्त्यावर पत्रं जातात.

कमिटीत किमतीबद्दल अवाक्षर नको, बाहेर लिफ्टजवळसुद्धा नको, समोर स्पर्धक उभे असतात आणि कंपन्यांनी संगनमताने किमती ठरवू नयेत यावर लक्ष ठेवणारं फेअर ट्रेड कमिशन जपानला आहे. कुणी विषय काढला तर मी उठून जाते आणि इतिवृत्तात तसं लिहायला लावते.

एकट्या कंपनीचं दुखणं अख्ख्या उद्योगाचं म्हणून खपवू नका, दोन फोनमध्ये समजतं.

आणि गेल्या वर्षीच्या व्हाइट पेपरचा मजकूर वर्ष बदलून चिकटवू नका, अधिकारी दोन्ही शेजारी ठेवून वाचतात, मी स्वतः टेबलावर पाहिलंय, पिवळा मार्कर लावलेला.

त्या नव्या सदस्याला मी मंगळवारी मंत्रालयात सोबत नेलं. एवढंच सांगितलं की बोलायचं नाही, समोरचे काय विचारतात ते फक्त लिहायचं. पन्नास मिनिटांत त्याने चार प्रश्न लिहिले. दोनाची उत्तरं आमच्याकडे तयार होती ती संध्याकाळीच गेली, तिसऱ्यासाठी त्याने स्वतः रात्री त्याच्या कारखान्यात फोन लावला, आणि चौथ्याचा तक्ता शुक्रवारपर्यंत द्यायचाय.