फॉन्ट बसवताना या चुका टाळा

नवा फॉन्ट बसवणे हे दोन क्लिकचे काम असल्यामुळे ते फारसा विचार न करता उरकले जाते. त्यातून उद्भवणाऱ्या अडचणी मात्र पुढे भलत्याच ठिकाणी दिसतात: जुनी फाइल उघडल्यावर ओळी सरकलेल्या असतात, यादीत एकच नाव दोनदा येते किंवा कालच बसवलेला फॉन्ट आज सापडत नाही. यातील बऱ्याच अडचणींच्या मुळाशी एकच सवय असते, ती म्हणजे संगणकाच्या फॉन्ट फोल्डरला कोठार समजून मिळेल ते त्यात भरत राहणे.

गूगल फॉन्ट्सवरून डाउनलोड केलेली झिप उघडली की पुष्कळदा वरच एक व्हेरिएबल फाइल (अक्षरांच्या सगळ्या जाड्या एकातच सामावणारी) असते आणि ‘स्टॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये त्याच कुटुंबाच्या रेग्युलर, मीडियम, बोल्ड अशा सुट्या फाइली असतात. सगळे निवडून एकदम इन्स्टॉल करणे ही येथील नेहमीची चूक होय. एकाच नावाखाली दोन संच बसल्यावर प्रोग्रॅम त्यांपैकी कोणता उचलेल याचा भरवसा राहत नाही. ऑफिसच्या कामासाठी स्टॅटिक संचातील रेग्युलर, बोल्ड आणि असल्यास इटॅलिकचे दोन प्रकार एवढेच पुरे. व्हेरिएबल फाइल डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये खरी उपयोगी पडते. एकाच फॉन्टच्या टीटीएफ आणि ओटीएफ या दोन्ही प्रकारच्या फाइली मिळाल्या असतील, तर त्यांतीलही एकच बसवावी. वॉफ आणि वॉफ२ या फाइली वेबपानांसाठी असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टसाठीचा आधार अडोबीने जानेवारी २०२३मध्ये काढून घेतला, त्यामुळे ते जपून ठेवले तरी नव्या कामाला घेऊ नयेत. ‘मोफत फॉन्ट’ म्हणून उतरवलेल्या झिपमध्ये ईएक्सई फाइल (म्हणजे फॉन्ट नव्हे, तर चालणारा प्रोग्रॅम) निघाली, तर ती न उघडता पूर्ण झिपच काढून टाकावी.

याउलट, केवळ रेग्युलर बसवून थांबणे हीसुद्धा चूकच आहे. बोल्ड फाइल नसताना बोल्डचे बटण दाबले की अनेक प्रोग्रॅम तक्रार न करता रेग्युलरच्याच रेघा फुगवून दाखवतात. रोमन अक्षरांत हे खपून जाते. देवनागरीत ‘द्ध’, ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांसारख्या अक्षरांतील बारीक पोकळ्या भरून येतात आणि लहान आकारात छापल्यावर त्यांचा डाग दिसू लागतो. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये इटॅलिक मुळातच नसते, तेव्हा पडद्यावर तिरपे दिसते ते यंत्राने कलवलेले सरळ अक्षर असते. जोर देण्यासाठी खरे बोल्ड वापरणे बरे.

फॉन्ट बसवूनही यादीत दिसत नसेल, तर आधी तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या ‘इन्स्टॉल’ने फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्यापुरता बसू शकतो, आणि काही जुने प्रोग्रॅम तेथे पाहतच नाहीत, अशा वेळी फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडावे. मॅकवर फॉन्ट बुकमधील ‘व्हॅलिडेट’ने सदोष फाइल ओळखता येते. एवढ्यानेही सापडला नाही, तर तो दुसऱ्याच नावाने बसलेला असण्याची शक्यता असते, कारण यादीत फाइलचे नाव येत नसून फॉन्टच्या आत नोंदवलेले नाव येते. म्हणूनच फाइलचे नाव बदलून यादीतील नाव बदलत नाही.

मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर तो मजकूर बहुधा क्रुतीदेवसारख्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमधला असतो. तेथे कितीही नवे देवनागरी फॉन्ट बसवले तरी फरक पडत नाही. एक तर तोच जुना फॉन्ट हवा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करायला हवा. मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसणे ही वेगळी तक्रार आहे: निवडलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरेच नसतात.

फॉन्टचा मूळ साठा सिस्टिमच्या फोल्डरबाहेर, स्वतःच्या कागदपत्रांसोबत ठेवावा आणि त्याचा बॅकअपही घ्यावा. प्रत्येक कुटुंबाला एक फोल्डर द्यावा आणि झिपमधील परवान्याची मजकूर फाइल त्यातच राहू द्यावी, कारण व्यावसायिक वापराचा प्रश्न आला की तीच शोधावी लागते. ‘सुंदर’, ‘भारदस्त’, ‘हस्ताक्षरी’ अशी वर्गवारी फार काळ टिकत नाही, एकच फॉन्ट दोन खान्यांत बसतो; नावानुसार अकारविल्हे रचना कंटाळवाणी खरी, पण सापडते. मोठा साठा असणाऱ्यांनी फॉन्टबेससारखा फॉन्ट सांभाळणारा प्रोग्रॅम वापरून लागेल तेवढाच संच तात्पुरता सुरू करावा.

दुसऱ्याला फाइल पाठवताना फॉन्ट आपोआप सोबत जातो असे समजू नये. अंतिम मजकूर पीडीएफ करून पाठवावा. वर्डची फाइलच द्यायची असेल, तर विंडोजवर ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात फॉन्ट अंतर्भूत करण्याचा पर्याय आहे. फॉन्टच्या निर्मात्याने तशी मुभा दिली नसेल, तर मात्र तो अंतर्भूत होत नाही.

नको असलेला फॉन्ट काढताना विंडोजसोबत आलेले निर्मला यूआय किंवा सेगो यूआय यांना हात लावू नये. बाकीचे काढताना ‘फाइल वापरात आहे’ असा संदेश आला, तर सर्व प्रोग्रॅम बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि दुसरे काहीही उघडण्याआधी तो फॉन्ट काढावा.