इटलीच्या 'ट्रिपोली' टॉर्पेडो क्रूझरबद्दल वाचताना, लिहिताना या चुका टाळा

जुन्या युद्धनौकांचा नाद असलेल्यांमध्ये 'ट्रिपोली'चा, म्हणजे टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजावर फुटणारं अस्त्र) हेच मुख्य हत्यार असलेल्या हलक्या, वेगवान युद्धनौकेचा, विषय निघाला की पहिली गडबड नावापासूनच सुरू होते. इटलीने उत्तर आफ्रिकेतलं ट्रिपोली शहर जिंकलं, मग जहाजाला ते नाव दिलं, असं बरेच जण बिनधास्त लिहून टाकतात. आता जहाज पाण्यात उतरलं १८८६ साली, आणि इटलीने ट्रिपोलीवर सैन्य उतरवलं १९११ मध्ये! म्हणजे नाव ठेवलं तेव्हा ते शहर ऑटोमन तुर्कांकडेच होतं. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिस गिळलं, त्यानंतर इटलीचा डोळा कुठे होता ते या नावावरून दिसतं असं मला वाटतं, पण विजयाची आठवण वगैरे म्हणून हे नाव नाही. या जहाजाबद्दलच्या बहुतेक चुका अशाच होतात, नंतरचं काहीतरी डोक्यात ठेवून आधीचं वाचलं जातं. म्हणून काहीही लिहायच्या आधी साल बघा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'इटलीचं पहिलं टॉर्पेडो जहाज' हे बिरुद. हे कधी 'ट्रिपोली'ला लावतात, कधी 'पिएत्रो मिका'ला, आणि मग भांडणं होतात. 'पिएत्रो मिका' आधीची, व्हेनिसला बांधलेली, १८७६ मध्ये पाण्यात उतरलेली, डिझाइन फेलिचे मात्तेई यांचं. फियुमेच्या व्हाइटहेड कारखान्यात तयार होणारं स्वतःच्या ताकदीवर पळणारं टॉर्पेडो तेव्हा अगदी ताजं होतं आणि हे जहाज त्याच्याभोवतीच आखलेलं, पण टॉर्पेडो सोडायला ट्यूब एकच. स्पीड हवा होता १७ नॉट्सचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), तो कधी मिळालाच नाही, त्यामुळे जहाजाचा बराचसा काळ राखीव ताफ्यात पडून गेला आणि शेवटी भंगारात. आता जिच्याकडे स्पीड नाही अशी टॉर्पेडो नौका शत्रूच्या जवळ जाणार कशी, आणि जवळ नाही गेली तर करणार काय? तर 'पिएत्रो मिका' पहिली खरी, पण फसलेली, आणि तिच्यानंतर दहा वर्षांनी आलेली 'ट्रिपोली' ही या जातीची पहिली आधुनिक, कामाला आलेली नौका. दोन्ही वाक्यं एकत्र लिहा, वाद मिटतो.

डिझाइनबद्दल लिहिताना लोक थेट दुसऱ्या महायुद्धात जातात, हे सगळ्यात जास्त खटकतं. ५३३ मिमीचे टॉर्पेडो, मैलोन् मैल पल्ला असलं काही इथे नव्हतं. 'ट्रिपोली'च्या पाच ट्यूब होत्या १४ इंची, म्हणजे ३५६ मिमी, आणि त्या काळच्या टॉर्पेडोचा कामाचा पल्ला जेमतेम काही शे मीटर, शिवाय दिशा सरळ ठेवणारा जायरोस्कोप आला १८९० च्या दशकात, त्याआधी टॉर्पेडो वाट चुकणं ही रोजचीच गोष्ट. हे एकदा लक्षात घेतलं की डिझाइनर बेनेदेत्तो ब्रिन यांनी काय केलं ते आपोआप कळतं. साधारण ८५० टनांच्या आतबाहेरचं हलकं जहाज, रेल्वे इंजिनाच्या धर्तीचे बॉयलर, तीन वाफेची इंजिनं आणि तीन प्रोपेलर, स्पीड १७ नॉट्सच्या वर. सगळा पैसा आणि वजन वेगावर लावलंय, कारण अंधारात झपाट्याने जवळ जायचं, मारायचं आणि सुटायचं एवढाच खेळ होता. आणि हेच ब्रिन त्याआधी 'दुइलिओ'सारखी ४५० मिमी तोफांची अजस्र युद्धनौका करून बसले होते! एकाच माणसाच्या टेबलावरून ही दोन टोकं निघाली, हे मला तरी भारी वाटतं.

मॉडेल बनवणाऱ्यांनी तीन प्रोपेलरचं खास लक्षात ठेवा. त्याच काळातल्या इतर टॉर्पेडो नौकांकडे बघून लोक दोनच लावतात आणि मग मागचा सगळा भाग चुकतो.

आकडे जुळत नाहीत ही तक्रार तर कायमचीच. एका ठिकाणी ८३५ टन, दुसरीकडे साडेनऊशे, मग कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही हो. पहिला आकडा नेहमीच्या वजनाचा आणि दुसरा कोळसा, पाणी, दारूगोळा सगळं भरल्यावरचा. लांबीचंही तसंच, पाण्याच्या रेषेवर मोजली की एक, टोकापासून टोकापर्यंत मोजली की दुसरी. स्पीडच्या बाबतीत तर जास्तच जपा, चाचणीच्या दिवशी जहाज हलकं, कोळसा निवडक, बॉयलर ताणलेले, तो आकडा रोजच्या नोकरीतला नसतो. प्रत्येक आकड्यापुढे तो कसा मोजला तेही लिहा.

नोकरीबद्दल दोन प्रकारची माणसं भेटतात. एक जण मोठ्या लढाया घुसडून देतो, दुसरा म्हणतो काहीच केलं नाही म्हणजे वायाच गेलं. पहिली दहा वर्षं ती मुख्य ताफ्यात होती, जास्त करून सरावात. तोवर युद्धनौकांवर झटपट मारा करणाऱ्या तोफा बसू लागल्या, टॉर्पेडो क्रूझरची जवळ जाण्याची संधीच आटली, पुढे डिस्ट्रॉयर (त्याहून वेगवान लढाऊ नौका) आल्या आणि ही जातच मागे पडली. पण 'ट्रिपोली' भंगारात गेली नाही, १९१० मध्ये तिला सुरुंग पेरणारं जहाज बनवलं, १९१५ मध्ये इटली महायुद्धात उतरल्यावर तिने बचावाचे सुरुंग पेरले, आणि विकली गेली थेट १९२३ मध्ये. इटलीच्या टॉर्पेडो क्रूझरपैकी सर्वात जास्त टिकलेली हीच, मग वाया कशी गेली?

फोटोंचं शेवटी सांगतो कारण तिथे फसवणूक सोपी असते. 'पिएत्रो मिका' म्हणून पाणबुडीचा फोटो दिसला तर ती वेगळीच आहे, तेच नाव घेतलेली, १९४३ मध्ये बुडालेली. आणि 'ट्रिपोली'चं १९१० नंतरचं मॉडेल करत असाल तर मागच्या डेकवर सुरुंगांची सोय दाखवावी लागेल, १८८६ चं करत असाल तर तिथे ती अजिबात नको.