शील्ड वाचताय? या चुका टाळा

शील्ड म्हणजे मार्व्हलच्या कथांतली गुप्तहेर संघटना. आपल्याकडे बहुतेकांची तिच्याशी ओळख झाली ती पडद्यावर. २००८ चा 'आयर्न मॅन', २०१२ चा 'द अ‍ॅव्हेंजर्स', एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला तिचा प्रमुख निक फ्युरी आणि आकाशात तरंगणारं तिचं ते अवाढव्य मुख्यालय, हेलिकॅरियर. तिथून मूळ मार्व्हल कॉमिक्सकडे वळलेला वाचक मात्र चार-पाच अंकांतच अडखळतो. फ्युरी गोरा कसा? पेगी कार्टर कुठे आहे? मागच्या अंकात मेलेला माणूस या अंकात धडधाकट कसा? मग वैतागून वाचन सुटतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. साऱ्या जगाची राखण करणाऱ्यांनी स्वतः कोणाला जाब द्यायचा, हा प्रश्न सुपरहिरो कॉमिक्समध्ये इतक्या चिकाटीनं क्वचितच विचारला गेलाय. वाचकांचा गोंधळ जिथे हमखास उडतो, त्या जागा आधीच ठाऊक असल्या तर वाट सोपी होते.

'अंक १' म्हणजे सुरुवात समजू नका

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. 'निक फ्युरी, एजंट ऑफ शील्ड' या नावाचा पहिला अंक जून १९६८ चा आहे. तिथून सुरुवात केली की पात्रं, शत्रू, यंत्रं सगळी आधीच ओळखीची असल्यासारखी समोर येतात. कारण खरी सुरुवात तीन वर्षं आधी, 'स्ट्रेंज टेल्स'च्या १३५ व्या अंकात झाली. त्यावर ऑगस्ट १९६५ असा महिना आहे. या मासिकात तेव्हा दोन कथा एकत्र निघायच्या. ह्यूमन टॉर्चची कथा बंद झाली, तिच्या जागी लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी फ्युरीला आणलं, आणि उरलेल्या पानांत डॉक्टर स्ट्रेंज होताच. १९६८ मध्ये दोघं वेगळे झाले तेव्हा जुना अनुक्रम डॉक्टर स्ट्रेंजकडे गेला आणि फ्युरीला नव्यानं 'एक' मिळाला. १९८९ मध्ये त्याच नावाची मालिका पुन्हा एकपासून सुरू झाली. म्हणून अंक विकत घेताना क्रमांकाच्या आधी वर्ष बघा. मुखपृष्ठावरचा महिना आणि अंक प्रत्यक्ष दुकानात आला तो महिना यांत त्या काळी दोन-तीन महिन्यांचं अंतर असायचं, तेही ध्यानात असू द्या.

१३५ वा अंक चुकवू नये याला आणखी एक कारण आहे. हेलिकॅरियर, हायड्रा आणि माणसाची हुबेहूब यांत्रिक प्रतिकृती, म्हणजे लाइफ मॉडेल डिकॉय, तिन्ही गोष्टी त्या एकाच कथेत पहिल्यांदा येतात. हायड्राचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे असं चित्रपटांमुळे वाटतं, पण १९६५ ची हायड्रा ही त्या काळची, बुरख्यातली गुप्त दहशतवादी संघटना आहे. तिचा म्होरक्या बॅरन स्ट्रकर आणि त्याचा नाझी इतिहास तिला नंतर जोडला गेला.

कोणता फ्युरी, हे आधी ठरवा

मूळ निक फ्युरी गोरा आहे. मे १९६३ मध्ये तो महायुद्धातला सार्जंट म्हणून आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'फँटास्टिक फोर'च्या २१ व्या अंकात सीआयएचा माणूस म्हणून दिसला. महायुद्ध लढलेला माणूस इतकी दशकं म्हातारा का होत नाही, हा प्रश्न वाचकाला पडणारच. त्याचं उत्तर १९७६ च्या एका कथेत 'इन्फिनिटी फॉर्म्युला' या औषधाच्या रूपानं दिलंय.

कृष्णवर्णीय फ्युरी 'अल्टिमेट' नावाच्या वेगळ्या विश्वातला. मार्क मिलर आणि ब्रायन हिच यांच्या २००२ च्या 'द अल्टिमेट्स'मध्ये त्याला सरळ सॅम्युअल एल. जॅक्सनचा चेहरा दिला, आणि सहा वर्षांनी जॅक्सननंच पडद्यावर तो साकारला. कागदावरच्या चित्रानं स्वतःचा नट निवडावा, असं फार थोड्या वेळा घडतं. पुढे चित्रपटांचे प्रेक्षक कॉमिक्सकडे वळू लागले, तेव्हा मार्व्हलनं मुख्य विश्वातही तसा फ्युरी आणला. 'बॅटल स्कार्स' या २०११-१२ च्या मालिकेतला मार्कस जॉन्सन हा थोरल्या फ्युरीचा मुलगा निघतो, एक डोळा गमावतो आणि बापाचं नाव घेतो. शील्डचा एजंट कोलसनही चित्रपटातून मुख्य कॉमिक्समध्ये आला तो याच मालिकेतून.

तेव्हा अंक हातात घेतला की दोन गोष्टी बघायच्या. मुखपृष्ठावर 'अल्टिमेट' शब्द आहे का, आणि अंक २०१२ च्या आधीचा की नंतरचा. तेवढ्यानं जवळजवळ सगळा घोळ मिटतो. पेगी कार्टरचंही असंच आहे. संस्थेची एक संस्थापक ती चित्रपटांच्या विश्वात आहे. कॉमिक्समधली पेगी महायुद्धातल्या फ्रान्समध्ये लढणारी स्त्री आहे, आणि शील्डच्या स्थापनेशी तिचा संबंध नाही.

मेलेलं पात्र परतलं, तर पानं उलटून मागे जा

लेखकाकडून चूक झाली असं लगेच ठरवू नका. शील्डच्या कथांत समोरचा माणूस यांत्रिक प्रतिकृती असण्याची शक्यता कायम असते. पहिल्याच कथेत फ्युरीच्या प्रतिकृतींवर हल्ला होतो आणि खरा फ्युरी वाचतो. फ्युरीचा जुना सोबती डम डम डुगन फार पूर्वीच मेला होता आणि त्यानंतर आपण वाचत होतो ती त्याची प्रतिकृती होती, असं २०१४ मध्ये उघड झालं. या एका खुलाशानं कितीतरी जुन्या कथांचा अर्थ बदलतो. मला तो अजूनही चटका लावतो.

'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पडताळून बघा

माझ्या मते इथली चूक सर्वांत महागात पडते, कारण तिच्यामुळे कथेचा गाभाच निसटतो. शील्ड म्हणजे जागतिक शांतिसेना, असं आपण गृहीत धरतो. १९६५ च्या पूर्ण नावात 'इंटरनॅशनल' होतंही. १९९१ मध्ये नावाचा विस्तार बदलला आणि तो शब्द गेला. चित्रपटांतल्या विस्तारात तर 'होमलँड' आहे. कॉमिक्समध्ये कधी ती संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा असते, कधी उघडउघड अमेरिकेची. एकच कायमचं उत्तर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. हा हुकूम कोणी दिला, आणि तो देण्याचा अधिकार त्याला होता का, असं प्रत्येक कथेला वेगळं विचारा.

'सीक्रेट वॉर' ही २००४-०५ ची मालिका घ्या. लॅटव्हेरिया या काल्पनिक देशाच्या पंतप्रधान अमेरिकेतल्या गुन्हेगारांना शस्त्रं पुरवताहेत, हे फ्युरीला कळतं. तो कारवाईची परवानगी मागतो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे. ती मिळत नाही. मग तो काही सुपरहिरोंना घेऊन चोरून हल्ला करतो आणि नंतर त्यांची आठवण पुसून टाकतो. वर्षभरानं सूड घ्यायला माणसं न्यूयॉर्कमध्ये येतात तेव्हा त्या नायकांना आपण काय केलं होतं हेही आठवत नाही. या प्रकरणात फ्युरीचं संचालकपद गेलं.

त्याच्या जागी मारिया हिल आली. २००६ च्या 'सिव्हिल वॉर'च्या पहिल्या अंकात ती कॅप्टन अमेरिकाला हेलिकॅरियरवर बोलावते आणि नोंदणी न करणाऱ्या नायकांना पकडायला मदत कर म्हणते. तो नकार देतो, तेव्हा तिची माणसं त्याच्यावर बंदुका रोखतात. सुपरहिरोंना सरकारी नोंदणी सक्तीची करणारा तो कायदा अजून मंजूरही झालेला नसतो. हे दृश्य मारामारीच्या भरात भरभर उलटू नका. जगासाठी उभी केलेली यंत्रणा एका देशाच्या, तेही अजून न झालेल्या, कायद्यासाठी माणूस पकडायला निघालीय.

पुढे संचालकाच्या खुर्चीत टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, बसतो. २००८ च्या 'सीक्रेट इन्व्हेजन'नंतर शील्डच मोडीत निघते आणि तिच्या जागी खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नची 'हॅमर' ही संस्था येते. म्हणून या काळातला अंक वाचताना संचालक कोण आहे हे पहिल्या दोन पानांत शोधा.

हायड्राची घुसखोरी २०१४ ची कल्पना समजू नका

शील्डमध्ये हायड्रा शिरलीय हे दाखवून २०१४ च्या 'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर' या चित्रपटानं प्रेक्षकांना हादरवलं. पण आतून किडलेली शील्ड १९८८ मध्येच आली होती. 'निक फ्युरी व्हर्सेस शील्ड' या सहा अंकांच्या मालिकेत वरच्या पदांवरची माणसं जाऊन तिथे प्रतिकृती बसलेल्या असतात, आणि फ्युरीला स्वतःच्याच संस्थेपासून पळावं लागतं. २००९ च्या 'सीक्रेट वॉरियर्स'मध्ये त्याला कळतं की आयुष्यभर जिच्यासाठी राबलो ती संस्था हायड्राच्या मुठीत होती. २०१७ च्या 'सीक्रेट एम्पायर'मध्ये, भूतकाळ बदलला गेल्यामुळे हायड्राचा झालेला कॅप्टन अमेरिका शील्डचा संचालक आहे. १९८८, २००९, २०१७ या क्रमानं या तीन मालिका वाचल्या तर दर वेळी घाव आणखी आत जाताना दिसेल.

स्टेरँकोची पानं फोनवर तुकड्यातुकड्यानं वाचू नका

चित्रकार जिम स्टेरँको १९६६ च्या अखेरीस 'स्ट्रेंज टेल्स'वर आला. सुरुवातीला तो कर्बीच्या आराखड्यावर काम करायचा, पुढे लेखन आणि चित्रं दोन्ही त्याच्याकडे आली. १९६८ च्या पहिल्या अंकातली सुरुवातीची पानं त्यानं एकही शब्द न वापरता रंगवलीत. 'स्ट्रेंज टेल्स'च्या १६७ व्या अंकात तर एकच चित्र सलग चार पानांवर पसरलंय. ते पूर्ण बघायचं तर वाचकाला दोन प्रती घेऊन शेजारी शेजारी ठेवाव्या लागायच्या. अ‍ॅपवर एकेक चौकट मोठी करत गेलात तर हे सगळं हरवतं. टॅब्लेट आडवा धरा, दोन पानं एकत्र दिसतील अशी सोय सुरू करा, किंवा छापील संग्रह मिळवा.

आणि २०१० ची 'शील्ड' ही जोनाथन हिकमन आणि डस्टिन वीव्हर यांची मालिका शेवटी ठेवा. तिच्यात प्राचीन इजिप्तचा इम्होटेप आणि लिओनार्दो दा विंची आहेत, फ्युरीची संस्था नाही. मालिका सुंदर आहे, पण तिथून सुरुवात केलीत तर हेलिकॅरियरची वाट बघत बसाल.